इतिहास मुलांच्या हाताला कळावा की कानाला? विरीचं गलबत आणि विजयदुर्ग

खाडीकाठची, देवगड
मुलगी आठ वर्षांची, मुलगा सहाचा. पावसात घरात अडकले होते, म्हणून पोफळीच्या विरीचं (झावळीच्या बुडाच्या रुंद सालीचं) गलबत केलं, डोलकाठीला नारळाचा हीर. मोठ्या परातीत एका बाजूला वाळूचा उतार करून पाणी भरलं. गलबत उतारावर अलगद चढलं. दगड भरलेलं पातेलं मात्र वाळूत रुतलं. मुलगी म्हणाली, "म्हणजे मोठ्या जहाजांना वाघोटन खाडीत शिरताच यायचं नाही!" विजयदुर्ग किल्ल्याजवळच्या या खाडीत आंग्र्यांची उथळ तळाची गलबतं मोठ्या जहाजांना कशी हुलकावणी द्यायची, हे मी गोष्टीत चारदा सांगितलं होतं. तेव्हा दोघांनी नुसत्या माना डोलावल्या होत्या. माझं ठाम मत: या वयात इतिहास आधी हाताला कळावा, सनावळ्या मागाहून.

जुना मास्तर, रत्नागिरी
ताई, मला हे पटलं नाही. मुलीला जे कळलं ते अर्धं आहे, आणि हाताने केल्यामुळे ते पक्कं बसणार. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रज आरमारप्रमुख वॉटसनची जहाजं विजयदुर्गाला वळसा घालून खाडीच्या मुखात आली आणि किल्ल्यासमोर नांगर टाकून त्यांनी तोफा डागल्या. आंग्र्यांचं आरमार तिथेच जळालं. आणि इंग्रजांच्या बाजूला कोण होतं? पेशवे. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध दोघे एक झाले होते. हे परातीत कसं दाखवणार? माती-पुठ्ठ्याच्या खेळात 'आपले' आणि 'परके' एवढेच दोन रंग उरतात. चाळीस वर्षं शिकवलं. नीट सांगितलेली गोष्ट मुलं विसरत नाहीत.

चिवल्याचा, मालवण
माझा आक्षेप वेगळा. आपल्याकडे खरी वस्तू दाराशी असताना पुठ्ठा कशाला? पुतण्याने सिंधुदुर्गाची प्रतिकृती केली, दरवाजा समुद्राकडे ऐटीत उघडा! खरा दरवाजा दोन बुरुजांच्या वळणात असा दडवलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तिथे नेऊन "दरवाजा शोध" म्हटलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं.

सड्यावरची, राजापूर
पण पावसाळ्यात होड्या बंद असतात, दादा. आणि काही गोष्टी पाहूनही कळत नाहीत. कशेळीच्या सड्यावरचा कातळात कोरलेला हत्ती आम्ही पाहिला, मुलं "हं" म्हणून पुढे गेली. तो सुमारे 18 मीटर लांब आहे, डोळ्यांत मावत नाही. घरी आल्यावर दोरी पावलांनी मोजून खळ्यात राखेने तेवढा आखायला घेतला. खळं संपलं, सोंड शेजाऱ्यांच्या माडाखाली गेली. मग धाकटा विचारतो, "वरून न बघता त्यांनी सरळ रेघ कशी ओढली?" हा प्रश्न हातात राख होती म्हणूनच आला, असं मला मनापासून वाटतं.

जुना मास्तर, रत्नागिरी
हत्तीचं मान्य. तिथे गोष्ट सांगायला कोरणाऱ्याचं नावगावच हाताशी नाही, तेव्हा मोजणं आणि आखणं हीच वाट. पण जिथे माणसांचे निर्णय आहेत, फितुरी आहे, तह आहेत, तिथे मी ठाम आहे.

खाडीकाठची, देवगड
सर, तुमचं वाचून परात पुन्हा मांडली. या वेळी मुखाशी वाळू खोल उकरली, आत उथळ ठेवली. पातेलं मुखात तरंगत आलं. माझी चूक होती, ती मुलांसमोर कबूल केली. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग आंग्र्यांनी गलबतं आत उथळ पाण्यात का नेली नाहीत?" हा प्रश्न निर्णयाचाच आहे ना, सर? पेशव्यांचं मात्र अडलंय. त्यांच्यासाठी घेतलेला दगड कुणाच्या बाजूला ठेवायचा यावरून दोघं भांडली आणि मुलाने तो उचलून खिशात घातला. सहा वर्षांच्या पोराला ही बाजू तुम्ही कशी सांगता, ते सविस्तर लिहा. मी तसंच सांगून बघेन.