आईला कूस बदलली की घर गरगर फिरतंय, मणका की कान?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. आई ६१ वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात पहाटे नळ आला (आमच्याकडे चार-पाच दिवसांनी येतो, मग घरात कशी लगीनघाई उडते ते इथं कुणाला सांगायला नको) म्हणून घाईनं उठायला गेली, उजव्या कुशीवर वळली आणि सगळी खोलीच फिरायला लागली म्हणे. पलंगाची कड घट्ट धरून बसली, अर्ध्या-पाऊण मिनिटात थांबलं पण मग उलटी. तेव्हापासून रोज तेच चाललंय. आडवं झालं की, फडताळावरचा डबा काढायला मान वर केली की, बादली उचलायला वाकलं की. गप बसून राहिली तर काहीच नाही.
शेजारच्या काकू म्हणतात पित्त झालंय, कोकम सरबत द्या. जवळच्या डॉक्टरांनी मानेचा एक्सरे काढला, मणक्यात गॅप आहे म्हणाले, गळ्याला पट्टा आणि चक्करच्या गोळ्या दिवसातून तीनदा. दहा दिवस झाले, गरगरणं आहे तसंच, वरून ती दिवसभर पेंगायली. बीपी शुगर नॉर्मल आहे. आता मेंदूचा एमआरआय करा म्हणायलेत. पैशाचं सोडा, पण आई फार घाबरलीय हो. कुणाला अनुभव आहे का?

फिजिओताई
मी फिजिओथेरपिस्ट आहे, तोल जाणारे पेशंट बरेच बघते. दादा आधी तीन गोष्टी सांगा. एक, खरंच घर फिरतं का उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते? दोन, कमी ऐकू येणं, कानात आवाज असलं काही आहे का? तीन, बोलताना जीभ अडखळणं, एकाची दोन दिसणं, हातापायात जोर नसणं? आपल्याकडं सगळ्यालाच चक्कर म्हणतात, तिथंच निम्मा घोळ होतो.

जुळे_सोलापूरकर
घरच फिरतं ताई, अंधारी नाही. ऐकू नीट येतंय, उलट मी फोनवर हळू बोललेलं पण ऐकते. जीभ, हातपाय व्यवस्थित. डोकंदुखी पण नाही.

फिजिओताई
मग मला तरी हे कानाचं वाटतंय, बीपीपीव्ही. बघितल्याशिवाय ठाम सांगणार नाही पण तुम्ही लिहिलंय ते अगदी तसंच आहे. कानाच्या आत, पडद्याच्याही पलीकडं, तोल सांभाळायची यंत्रणा असते. एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण चिकटलेले असतात, म्हणजे चुन्याचेच म्हणा, आणि शेजारी पाणी भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या. वयानं, डोक्याला मार लागून, बरेचदा काहीच कारण नसताना ते कण सुटतात आणि नळीत, बहुतेक वेळा मागच्या नळीत, जाऊन पडतात. मग डोकं हललं की कण घरंगळतात, नळीतलं पाणी हलतं, आणि डोकं थांबलं तरी तो कान मेंदूला सांगत राहतो की अजून फिरतोय. कण खाली बसले की थांबतं, म्हणून एक मिनिटाच्या आत संपतं. बसल्या जागी काही होत नाही ते याचमुळं.
आता मणक्याच्या गॅपचं. साठीतल्या कुणाचाही एक्सरे काढा, मणक्यात काहीतरी झीज सापडणारच, म्हणून चक्कर तिथूनच येते असं होत नाही. आणि गोळीनं ते कण जागेवर जात नाहीत. उलटी फार असेल तर दोन-चार दिवस ठीक, पण दाबून ठेवणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदू स्वतःहून सावरायला शिकतो ते लांबतं, माणूस सुस्त राहतो, वयस्कर लोक पडतात. काही गोळ्यांनी तर हात थरथरायला लागतात. मात्र आपल्या मनानं काही बंद करू नका, डॉक्टरांना विचारून.
ईएनटीकडं, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं न्या. सिव्हिलला पण ईएनटीची ओपीडी आहे. तिथं डिक्स-हॉलपाइक टेस्ट करा म्हणा. मान ४५ अंश वळवून पटकन आडवं करतात आणि डोळे बघतात. ज्या बाजूचा कान बिघडलाय तिकडं वळवलं की दोन-चार सेकंदांनी बुबुळं ठरावीक तऱ्हेनं फिरायला लागतात. मशीन नाही काही नाही. मग तिथंच एपली करतात, डोकं एकेका बाजूला वळवून, दरवेळी अर्धा-एक मिनिट थांबून, कण नळीतून परत पिशवीत सोडायचे. एपली नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९८० च्या सुमारास काढलेली पद्धत आहे. बऱ्याच जणांना एक-दोन वेळात फरक पडतो.

नवीपेठ_कडक
काय बे, एवढ्यासाठी दवाखाना कशाला, यूट्यूबवर व्हिडिओ आहेत की. मी केलो होतो घरी. अर्थात खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी चुकीच्या कानाचं केलो, काही उपयोग नाही, नुसतं उलट्या. 😅

फिजिओताई
तुमचं उत्तर तुम्हीच दिलंत. कुठला कान, कुठली नळी ते आधी कळायला लागतं. आडव्या नळीत कण असतील तर पद्धतच वेगळी असते. मानेचं ऑपरेशन झालेलं असेल, डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल तर घरी अजिबात नको.

मागवाला_अक्कलकोटरोड
सगळ्यांचं कानच असलं तरी एकच नसतं, म्हणून लिहितो. वडील ३० वर्षं यंत्रमागावर होते. ऐकायला कमी यायला लागलं तेव्हा आम्ही म्हणालो मागाच्या खडखडाटानं गेले कान, पेठेत कुणाचे शाबूत आहेत. पण त्यांना मधेच डाव्या कानाला दडे बसायचे, घुंईऽऽ आवाज आणि मग दोन-दोन तीन-तीन तास घर फिरायचं, ओकून ओकून बेजार. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी केली तेव्हा डॉक्टर म्हणाले, मागाच्या आवाजानं जाणारे कान बहुतेक दोन्ही जातात, एकाचंच असं खालीवर होत नाही. मेनिएर्स निघालं. कानातल्या पाण्याचं प्रमाण वाढतं त्यात. मीठ कमी करायला सांगितलं. म्हणजे लोणचं, पापड, आणि शेंगा चटणी!! सोलापूरच्या माणसाला शेंगा चटणी बंद करा म्हणणं म्हणजे जवळजवळ तडीपारीच. घरी आता वेगळी कुटतात, मीठ अगदी नावाला. गोळ्या चालू आहेत, झटके कमी झालेत, पण त्या कानाचं ऐकणं काही परत आलं नाही.

सातरस्ता
आमचे आजोबा सकाळी उठले की झोकांडी जायची, पण घर फिरत नव्हतं, अंधारी यायची. झोपवून बीपी घेतलं तर ठीक, उभं करून तीन मिनिटांत परत घेतलं तर वरचं २० च्या वर उतरलेलं. बीपीची गोळी, त्यात प्रोस्टेटची नवीन, वर मे महिन्याचं सोलापूरचं ऊन आणि पाणी पिणार नाहीत. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, उठताना दोन मिनिटं पलंगावर पाय सोडून बसायला लावलं. एवढंच होतं.

पार्कचौक_काका
उशिरा लिहितोय पण हे वाचा. माझ्या भावाला जेवता जेवता एकदम चक्कर आली, उभंच राहता येईना, एका बाजूला कलंडायला लागला, बोलणं जड झालं. आम्ही ऊन लागलं म्हणून कांदा हुंगवत बसलो, दोन तास गेले. स्ट्रोक होता, लहान मेंदूचा. रक्ताची गाठ विरघळायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आम्ही कसेबसे पोचलो. त्याला पहिल्या सीटी स्कॅनमध्ये काही दिसलं नव्हतं, एमआरआयमध्ये दिसलं. तेव्हा एमआरआय म्हणजे नुसता लुटायचा धंदा असं पण म्हणू नका. चकरेबरोबर बोबडी वळली, दोन-दोन दिसलं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, चालताच येईना किंवा कधी नव्हे एवढं डोकं दुखलं तर १०८ लावा, कांदा नको.

जुळे_सोलापूरकर
अपडेट. काल ईएनटीकडं जाऊन आलो. उजवा कान, मागची नळी, फिजिओताईंनी सांगितलं तेच. टेस्टच्या वेळी आईचे डोळे असे गरागरा फिरले की मीच घाबरलो, ती माझा हात सोडेना. मग लगेच एपली केली, दहा मिनिटं पण नाही लागली. परत एकदा आडवी करून बघितली तर काही नाही. पट्टा काढायला सांगितला, गोळ्या बंद, एमआरआयची आत्ता गरज नाही म्हणाले. रात्री ती तासभर पलंगावर नुसती बसून होती, आडवं व्हायचा धीर होईना. शेवटी झोपली आणि सकाळी स्वतःच सांगत आली की उजव्या कुशीवर वळले. चालताना थोडं तरंगल्यासारखं वाटतंय अजून, ते काही दिवस राहतं म्हणाले. परत पण होऊ शकतं म्हणे, व्हिटॅमिन डी तपासायला दिलंय.
बाथरूमला धरायला दांडी बसवून घेतोय. वरचे डबे खाली आणलेत. आणि उद्या पहाटे नळ आहे, बादल्या मी भरणार असं जाहीर केलंय, तर आई म्हणते तुला जाग आली तर ना.

फिजिओताई
वा, छान झालं. तरंगणं दोन आठवड्यांच्या वर राहिलं तर परत दाखवा, तोलाचे व्यायाम असतात. आणि डोळे मिटून तोंड धुताना बेसिनला हात लावून उभं राहायला सांगा त्यांना.

नवीपेठ_कडक
ताई माझं डाव्या कानाचं होतं का उजव्या ते आता कसं कळणार, परत थोडं थोडं फिरायलंय 🙏