मदत हवी आहे : १७७६ चा लंडनचा पेपर घेतलाय, ठेवू की परत करू?

मधू_जर्सीकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा छापलेला लंडनचा जुना पेपर ऑनलाइन घेतला. यंदा चार जुलैला अडीचशे वर्षं होतायत, म्हणून इथल्या वाचनालयात लोकांच्या घरच्या वस्तू मांडणार आहेत, तिथे द्यायचा आहे. शनिवारी नेऊन द्यायचा आणि परत करायची मुदत शुक्रवारी संपतेय. काल एका मित्राने बघितला आणि म्हणाला, ब्रिटिश पेपरवर लाल शिक्का असतो, यावर नाही, म्हणजे नकली. शिवाय कागदही चांगला पांढरट आहे. बायकोला अजून किंमत सांगितलेली नाही. पटकन सांगा.

खडूस_काका
कुठला पेपर? तारीख? आकार? किती पानं? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणून कसं चालेल? फोटो टाका.

सह्याद्रीचा_वारा
पांढरट म्हणालात तिथेच विषय संपला. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत पन्नास सालचे पेपर आहेत, हात लावला की चुरा होतो. अडीचशे वर्षांचा पांढरा कसा राहील? मी फिलाडेल्फियाहून जाहीरनामा आणला होता, मस्त तपकिरी, कुरकुरीत कागद. जुना कागद तसा दिसतो. परत करा.

कागदकिडा
वारा, तुम्ही जे आणलंत ते म्युझियमच्या दुकानातलं. तो कागद मुद्दाम तसा करतात, पर्यटकांना "जुना" वाटावा म्हणून.
मधूभाऊ, पांढरट असणं ही चांगली खूण आहे. तेव्हाचा कागद सुती आणि लिननच्या (जवसाच्या धाग्याच्या) चिंध्या कुजवून, कुटून हाताने काढलेला. लाकडाच्या लगद्याचा कागद पेपरांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास आला. त्यात आम्ल असतं, म्हणून आजोबांच्या ट्रंकेतला चुरा होतो आणि त्यांच्या खापरपणजोबांच्या काळचा तसाच राहतो. पान खिडकीपाशी उजेडासमोर धरा. बारीक रेघा जवळजवळ आणि त्यांना छेदणाऱ्या रुंद अंतराच्या रेघा दिसतात का? मग मागच्या बाजूने बोट फिरवा, खिळ्यांचा, म्हणजे छापायच्या धातूच्या अक्षरांचा, दाब जाणवतो का बघा.

मिरजकर_मावशी
लाल शिक्क्याची गंमत सांगते. तो कराचा शिक्का. ब्रिटनमध्ये पेपरांवर १७१२ पासून कर होता. कोरा ताव आधी शिक्का मारून घ्यायचा आणि मग छापायचा, म्हणून तो कधी मजकुरावर, कधी कोपऱ्यात, कधी आडवातिडवा दिसतो. १७७६ मध्येच तो दीड पेनी झाला. याच धर्तीचा कर १७६५ मध्ये अमेरिकेतल्या वसाहतींवर लादला आणि तिथे असा भडका उडाला की पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला. त्या काळातल्या लंडनच्या पेपरचा लाल ठिपका बघितला की मला दर वेळी गंमत वाटते, भांडणाचं मूळच कोपऱ्यात चिकटलेलं!

खडूस_काका
मावशी, सुंदर, पण त्यांच्या पेपरवर शिक्का नाही हाच तर प्रश्न आहे. मधूराव, नाव!! "द टाइम्स" असेल तर आत्ताच परत करा. तो १७८५ मध्ये वेगळ्या नावाने निघाला आणि १७८८ पासून टाइम्स झाला. १७७६ चा टाइम्स म्हणजे शिवाजी महाराजांच्या सहीचा पोस्टकार्ड.

मधू_जर्सीकर
टाइम्स नाही हो. ऑफिसात होतो, आत्ता बघतोय. जाहीरनामा पान ३६१ वर सुरू होतो. आकार साधारण पाच बाय आठ इंच. पहिल्या पानावर वर किल्ल्याच्या दरवाज्याचं चित्र आहे. डाव्या कडेला तीन-चार भोकं आणि वाळलेला डिंक. 'एस' च्या जागी 'एफ' सारखं अक्षर, 'काँग्रेस' चं 'काँग्रेफ्स' झालंय. कोणी हसू नका, मला ही प्रिंटिंग मिस्टेक वाटली होती, मग कळलं की तेव्हा 'एस' असाच लांब छापायचे.

सह्याद्रीचा_वारा
पाच बाय आठचा पेपर? आणि ३६१ पानं? म्हटलं ना नकली.

कागदकिडा
अहो मधूभाऊ, हे आधी सांगायचं की! तो पेपर नाहीच. दरवाज्याच्या चित्राखाली "द जंटलमन्स मॅगझिन" लिहिलंय ना? चित्रातला किल्ला नाही, लंडनमधल्या क्लर्कनवेल भागातला सेंट जॉन्स गेट. एडवर्ड केव्हने १७३१ मध्ये तिथून हे मासिक सुरू केलं. नियतकालिकाला 'मॅगझिन' म्हणायची पद्धत याच्यापासून पडली, आधी मॅगझिन म्हणजे कोठार. मासिकांना पेपरचा शिक्का लागत नसे. म्हणून लाल ठिपका नाही. मित्राची शंका बरोबर, पण तुमच्या वस्तूला लागू नाही.
पान ३६१ म्हणजे जानेवारीपासून सलग क्रमांक. वर्षाअखेर बारा अंक एकत्र बांधायचे, तुमचा अंक ४६ व्या खंडातून सोडवलाय. भोकं त्या शिवणीची. ऑगस्ट १७७६ च्या अंकात जाहीरनामा आहे, हे पक्कं.

मिरजकर_मावशी
थोडी भर. सलग पानक्रमांक एवढ्यावरून मासिक ठरत नाही, लंडन क्रॉनिकलसारखे पेपरही खंडभर सलग आकडे द्यायचे. तो आठवड्यातून तीनदा निघे, आठ पानी. त्यानेही ऑगस्टच्या मध्यातच जाहीरनामा छापला. जहाजाने बातमी यायलाच सहा आठवडे लागले ना. काही ब्रिटिश छापखान्यांनी राजाला जुलमी म्हणणारे शब्द गाळून तिथे नुसत्या रेघा मारल्या, खटला नको म्हणून.

मधू_जर्सीकर
हो हो, जंटलमन्स मॅगझिनच. मोठ्या अक्षरात लिहिलंय. मला वाटलं पेपरचं नाव असेल. विक्रेत्याने "न्यूजपेपर" म्हणूनच टाकला होता. मग खाली सिल्व्हेनस अर्बन म्हणून लेखक दिलाय तो कोण?

कागदकिडा
संपादकाचं टोपणनाव. केव्ह गेला तरी पुढचे संपादक तेच वापरत राहिले. सिल्व्हेनस म्हणजे रानातला, अर्बन म्हणजे शहरातला. दोघांसाठीही मासिक, असा श्लेष.

पुणेरी_पगडी
सगळं ठीक आहे, पण मराठी माणसाने अमेरिकेचं काय गोळा करायचं? त्याच १७७६ च्या १ मार्चला इंग्रज आणि मराठ्यांचा पुरंदरचा तह झाला. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांनी हात टेकले. ते शोधा की लंडनच्या पेपरांत.

कॅलिफोर्निया_कोकणी
पगडी, तेच तर म्हणतो. इंग्रजांचा सेनापती कॉर्नवॉलिसच बघा! यॉर्कटाउनला ऑक्टोबर १७८१ मध्ये वॉशिंग्टनच्या हातात तलवार दिली आणि पाच वर्षांत हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल.

खडूस_काका
तलवार नाही दिली. आजारी आहे म्हणून तो स्वतः आलाच नाही, जनरल ओ'हाराला पाठवलं. आणि पगडी, १७९१-९२ च्या मोहिमेत टिपूविरुद्ध त्याच कॉर्नवॉलिसच्या शेजारी कोणाचे तळ होते? हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांचे. तेव्हा अभिमान जरा बेतानेच.

पुणेरी_पगडी
टिपूचा विषय निघालाच आहे तर त्यासाठी वेगळा धागा काढा, मग बोलू.

नाशिकची_सई
अवांतर : माझ्याकडे आजीचे किर्लोस्कर मासिकाचे जुने अंक आहेत. कोणी विकत घेतं का?

टेक_तात्या
मधू, ठेवणारच असशील तर लॅमिनेट करून घे. मी बाबांची सगळी सर्टिफिकेटं केली, वीस वर्षं झाली, काही होत नाही. प्रदर्शनात लोक हात लावतात.

कागदकिडा
तात्या, नको!! लॅमिनेशन गरम प्लॅस्टिक आणि गोंदाने कागदात मुरतं, ते परत निघत नाही. संग्राहकाच्या दृष्टीने वस्तू तिथेच मेली. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, मायलर म्हणून मिळतं. ऑफिसच्या साध्या मऊ प्लॅस्टिक फोल्डरमध्येही नको, त्यातून वायू सुटतो आणि शाई चिकटते.

मधू_जर्सीकर
एक सांगायचं राहिलं. शेवटच्या पानाचा कोपरा फाटलेला होता, त्याला काल सेलोटेप लावली.

मिरजकर_मावशी
अरे देवा.

खडूस_काका
हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही?

मधू_जर्सीकर
मला वाटलं, फाटलं तर चिकटवतात. त्यात काय सांगायचं?

कागदकिडा
काढायला जाऊ नका! ओढलीत तर अक्षरं टेपबरोबर येतील. आहे तशी राहू द्या, नंतर कागदाचं जतन करणाऱ्या माणसाकडे न्या. ते जपानी पातळ कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची (स्टार्चची) खळ वापरतात, पाण्याने पुन्हा सुटेल अशी.
आणि मधूभाऊ, तुम्ही परत करायचा म्हणत होतात. आता टेप लावलेला अंक विक्रेता घेईल का?

परदेशी_पाहुणा
भारतात आणायचा असेल तर विचार करून आणा. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरच्या वस्तू खासगी माणसाला बाहेर नेता येत नाहीत, एअरपोर्टवर वाद होईल. माझ्या मावसभावाचं घड्याळ...

खडूस_काका
ते न्यू जर्सीत राहतात आणि न्यू जर्सीतच मांडणार आहेत. कोणी विचारलं होतं?

मधू_जर्सीकर
ओके. आता खरंच बघितलं. बाथरूमच्या दिव्यासमोर धरलं. रेघा दिसतात, उभ्या-आडव्या, चाळणीसारख्या. मागून बोट फिरवलं तर अक्षरं किंचित टोचतात. प्रत्येक पानाच्या तळाशी उजवीकडे एकच शब्द सुटा पडलाय आणि पुढचं पान त्याच शब्दाने सुरू होतं. ही पण मिस्टेक म्हणणार होतो, यावेळी आधी विचारतो.

मिरजकर_मावशी
नाही रे, तो छापखान्यातल्या माणसांसाठी, पानं क्रमाने लागावीत म्हणून. ४६ व्या खंडाची स्कॅन केलेली प्रत इंटरनेटवर फुकट आहे. ओळ कुठे तुटते, तळाचे शब्द कुठले, ताडून बघ.

कागदकिडा
पण मावशी, फोटोवरून काढलेली नक्कलही स्कॅनशी जुळेलच. खरी कसोटी रेघा आणि खिळ्यांचा दाब, आणि त्या दोन्ही त्यांना मिळाल्या आहेत. स्कॅनचा उपयोग पानं पूर्ण आहेत का हे बघायला. बऱ्याच अंकांतून नकाशे आणि चित्रं कोणीतरी फाडून वेगळी विकलेली असतात.

सह्याद्रीचा_वारा
मी अजूनही म्हणेन, तपकिरी असता तर बरं दिसलं असतं.

मधू_जर्सीकर
ठेवतोय. विक्रेत्याला लिहिलं की हे मासिक आहे, पेपर नाही, थोडे पैसे परत द्या. टेपचं लिहिलेलं नाही. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, पेटीत ठेवू, उजेड कमी ठेवू. पान ३६१ उघडं ठेवतील, उशीसारख्या आधारावर, पाठ न मोडता. फक्त पाटीवर काय लिहू, "लंडनचे वर्तमानपत्र" की "मासिक"? आमंत्रणपत्रिकेत वर्तमानपत्र छापून गेलंय.

खडूस_काका
मासिक. आणि पाटी सेलोटेपने लावू नका.

नाशिकची_सई
किर्लोस्करचं कोणी काही सांगेल का?