नागपूर ते मुंबई: हवाई अंतर आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ

प्रश्न (वर्धारोड)
जानेवारीत आईला परळच्या एका रुग्णालयात तपासणीसाठी न्यायचे आहे. सकाळी 11 ची वेळ मिळाली आहे. तिचे वय 74 असून गुडघे फार दुखतात. नागपूर-मुंबई हवाई अंतर 685 किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे ताशी 800 किलोमीटर वेगाने ते तासाच्या आत संपायला हवे. मग तिकिटावर दीड तास का दाखवतात, आणि जाण्या-येण्याच्या वेळेत फरक का असतो? त्याच दिवशी सकाळच्या विमानाने निघालो तर 11 पर्यंत पोहोचू का?

उत्तर (पश्चिमवारा)
तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, वर चढणे आणि उतरणे हे सगळे येते. पूर्ण वेग मधल्या टप्प्यातच मिळतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रामुख्याने एकच वापरात असते आणि गर्दीच्या वेळी विमानाला घिरट्या घालत थांबावे लागते.

फरक वाऱ्यामुळे पडतो. हिवाळ्यात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोरदार वारा वाहतो. तो ताशी 100 किलोमीटर धरला, तर मधले 500 किलोमीटर मुंबईकडे येताना सुमारे 43 मिनिटांत आणि नागपूरकडे जाताना सुमारे 33 मिनिटांत कापले जातात.

उत्तर (परळचीसून)
ताई, हिशेब घरापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत करावा. मी सासूबाईंना असेच आणले होते. साडेसहाच्या विमानासाठी पहाटे चारला उठवले, आठला उतरलो. पण व्हीलचेअरच्या प्रवाशांना सर्वांत शेवटी उतरवतात, आणि सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत पावणेनऊ झाले. पुढे परळपर्यंतच्या वाहतुकीत सव्वा तास गेला. वेळेवर पोहोचलो खरे, पण सासूबाईंचा रक्तदाब इतका वाढला होता की डॉक्टरांनी अर्धा तास स्वस्थ बसवून तो पुन्हा मोजला. म्हणून आदल्या दिवशी दुपारीच यावे आणि परळ-दादर भागात मुक्काम करावा. व्हीलचेअरची मागणी किमान 48 तास आधी नोंदवावी.

उत्तर (रेल्वेप्रेमी)
रेल्वेने हे अंतर 837 किलोमीटर आहे आणि दुरांतोला साधारण अकरा-बारा तास लागतात. खालचा बर्थ मिळत असेल तर त्या रात्रभर आडव्या झोपू शकतात, हे गुडघ्यांच्या दृष्टीने विमानातील आखडून बसण्यापेक्षा बरे. मात्र गाडीला उशीर झाला तर 11 ची वेळ हुकेल, त्यामुळे येथेही आदल्या दिवशी पोहोचणेच योग्य.

प्रश्नकर्ती (वर्धारोड)
सर्वांचे मनापासून आभार. आदल्या दिवशीचे दुपारचे विमान घेते आहे. परतीला मात्र खालचा बर्थ मिळाला तर दुरांतोनेच यावे, असे आई म्हणते.