‘सायबर युद्ध’ म्हणावे की घातपात?

एका देशाने शत्रुदेशाच्या संगणकांत केलेल्या कोणत्याही उपद्रवाला आपल्या बातम्यांत सरसकट ‘सायबर युद्ध’ म्हटले जाते. हा वापर मला ढिला वाटतो. मराठीत याहून नेमके शब्द आहेत.

२००७ च्या एप्रिलअखेरीस एस्टोनियाने टालिनमधील सोव्हिएतकालीन सैनिकाचा पुतळा हलवला, तेव्हा तेथील बँका, वृत्तपत्रे आणि सरकारी संकेतस्थळे पान उघडण्याच्या बनावट मागण्यांच्या माऱ्याखाली बंद पडली. यंत्रणा मात्र मोडली नाही. याला ‘कुरापत’ म्हणावे.

२३ डिसेंबर २०१५ रोजी पश्चिम युक्रेनमध्ये जे घडले, त्याला मात्र ‘घातपात’ हाच शब्द शोभतो. इव्हानो-फ्रँकिव्स्कच्या वीज कंपनीतील कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा माउसचा बाण आपोआप सरकू लागला आणि एकामागून एक ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारे खटके, पडत गेले. त्याच सुमारास तक्रार केंद्रावर खोट्या फोनचा भडिमार झाला, म्हणजे खऱ्या ग्राहकांना दाद मागायलाही वाट उरली नाही. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले आणि कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत जाऊन ब्रेकर हाताने चढवल्यावरच वीज परतली. हल्लेखोरांचा शिरकाव कित्येक महिने आधी, ईमेलसोबत आलेल्या फाइलींतून झाला होता. तेवढ्यावरच थांबले असते, तर ती ‘हेरगिरी’ ठरली असती. वाट तीच असल्यामुळे तंत्रावरून शब्द ठरवता येत नाही. हेतू आणि परिणाम पाहावे लागतात.

‘खंडणी’ या शब्दाबाबतही हीच काळजी घ्यावी. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम पसरला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीमार्फत न्हावा-शेवा बंदरातील टर्मिनलचे कामही त्याने ठप्प केले. पडद्यावर पैशांची मागणी दिसत होती, म्हणून बातम्यांत ‘खंडणी’ आले. परंतु पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. खंडणीत निदान सुटकेची बोली असते, येथे निव्वळ विध्वंस होता. अमेरिका व ब्रिटनने २०१८ मध्ये त्याचा ठपका रशियन लष्करावर ठेवला.

‘युद्ध’ हा शब्द मी २४ फेब्रुवारी २०२२ सारख्या प्रसंगांसाठी राखून ठेवीन. त्या पहाटे रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसण्याच्या सुमारे तासभर आधी व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या उपग्रह-इंटरनेट सेवेचे हजारो मोडेम निकामी करण्यात आले. तो हल्ला चढाईचाच भाग होता.