हाताला सोसेल अशी स्टेपल गन कोणती? (घरगुती कुशनकाम, पुणे)

कुशन_कोथरूड
डायनिंगच्या खुर्च्या, स्टूल, हेडबोर्ड अशी छोटी कुशनकामं घरी करते. सध्या हाताने दाबायची टॅकर आहे. अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागतो आणि चार खुर्च्यांनंतर मूठ वळत नाही. विजेची घ्यावी, बॅटरीची, की कंप्रेसरवरची? फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि खालच्या काकूंची एक ते चारची झोप अख्ख्या सोसायटीला पाठ आहे. लाकूड बहुतेक प्लाय, अधूनमधून जुनं सागवान.

रंधा_पटाशी
ताई, हवेवरची घ्या. हातटॅकरमध्ये प्रत्येक पिनेला आतली स्प्रिंग तुमची मूठ दाबते. हवेच्या गनमध्ये ते काम सिलिंडर करतो, तुम्ही फक्त ट्रिगर ओढायचा. कुशनवाले वापरतात ती 80 सिरीजची गन घ्या, पिनेची रुंदी सुमारे 13 मिमी. पाकिटावर 8010 असेल तर पाय 10 मिमी, 8016 असेल तर 16. गनचं वजन साधारण एक किलोच्या आत असतं.

आवाज गनचा नाही, कंप्रेसरचा. मोटर 2800 आरपीएमची असेल तर काकू वर येणारच. तेलविरहित, 1400 आरपीएमची, 24 लिटर टाकीची बघा. शिवाय तो सतत चालू ठेवायची गरज नसते. हिशोब असा: टाकी 8 बारपर्यंत भरली आणि 5 बारपर्यंत वापरली तर सुमारे 72 लिटर मोकळी हवा मिळते. छोटी गन एका पिनेला अर्ध्या लिटरच्या आतबाहेर खाते, म्हणजे दीडशेच्या आसपास पिना. 45 सेमीच्या चौकोनी सीटला अडीच सेमीवर एक धरून 72 लागतात. एक वाजायच्या आधी टाकी भरा, बटण बंद करा, दोन खुर्च्या निघतील.

रेग्युलेटर (हवेचा दाब ठरवणारी चावी) 60 पीएसआयवर, म्हणजे सुमारे 4 बारवर, ठेवून सुरुवात करा आणि पिनेची पाठ कापडाला टेकेपर्यंत 5-5 ने वाढवा. पाठ कापडात रुतून रेग्झीन कापायला लागली की मागे या. गनवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर कधीच नाही. कामाआधी हवेच्या तोंडात न्यूमॅटिक तेलाचे 2-3 थेंब सोडा, नाहीतर ओ-रिंग (आतल्या रबरी कड्या) कोरड्या पडून गळायला लागतात.

पेठेतला_वायरमन
वरचं पटलं, पण दुखऱ्या हाताने 20 किलोच्या घरातला कंप्रेसर दोन जिने कोण चढवणार? एकदा वर नेऊन एका जागी ठेवणार असाल तरच घ्या. कोणाच्या घरी जाऊन काम करणार असाल तर वायरची विजेची गन बरी.

तिचे दोन दोष मात्र माहीत असू द्या. आत कॉइल असते. ती तापली की ठोका मंदावतो, आणि बारीक तारेच्या लांब एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडून पिन अर्धीच बसते. मग माणूस गनचं नाक (पिन निघते ते टोक) जोरात दाबतो आणि मनगट पुन्हा कामाला लागतं. एक्स्टेन्शन आखूड आणि जाड तारेची ठेवा, सलग ठोकत बसू नका. प्लायला चालेल, सागवानात 6-8 मिमीपेक्षा लांब पिनेची अपेक्षा नको. बॅटरीवाल्या छोट्या गना बॅनर लावायला ठीक, रोजच्या कुशनकामाला मी सुचवणार नाही.

हातटॅकरच ठेवायची असेल तर निदान हँडल ज्या बाजूला दाबतो त्याच बाजूला पिन निघते अशी घ्या. जुन्या पद्धतीत दाब मागे पडतो, नाक उचललं जातं, पिन उभी राहते आणि तीच पिन परत हातोडीने बसवावी लागते.

उसवण_शिवण
सगळे ठोकण्यावरच बोलताय. जुन्या खुर्चीत हाताची खरी वाट लागते ती पिना उपटताना आणि कापड ताणताना. स्क्रूड्रायव्हरने उचकटणं म्हणजे अंगठ्यावर अत्याचार. त्यासाठी वाकडं, पसरट, टोकदार तोंडाचं आणि जाड लाकडी मुठीचं अवजार मिळतं. टोक पिनेखाली सरकवून मूठ खाली दाबायची, वळवायची नाही. उरलेला पाय पकडीने ओढा. कापड चिमटीत धरून ताणू नका, रुंद जबड्याची कापड ओढायची पक्कड घ्या. अंगठ्याच्या बुडाचा ठणका बऱ्याचदा ह्या चिमटीचाच असतो, आणि तो गन बदलून जाणार नाही. रात्री मुंग्या येत असतील तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, खरेदी नंतर.

कुशन_कोथरूड
चिमटीचं अगदी खरं आहे! कंप्रेसर वरच राहील, त्यामुळे हवेवरचीच घेते. बोहरी आळीत गेल्यावर काय तपासू?

रंधा_पटाशी
दुचाकी लांब लावून चालतच जा. सोबत तुमच्या प्लायचा आणि सागवानाचा तुकडा, फोम आणि कापडाची चिंधी न्या आणि दुकानातच ठोकून बघा. गन धरल्यावर मनगट सरळ राहायला हवं, आणि ट्रिगरवर दोन बोटं मावली तर उत्तम. पाईप 8 मिमीचा मऊ पीयू घ्या, गनेशी फिरता जोड लावा, नाहीतर पाईपचा पीळ मनगटच सोसतं.

टाकीखालचा पाणी सोडायचा स्क्रू चिमटीने फिरवावा लागतो. त्याजागी दांडीचा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या, कारण पावसाळ्यात तो रोज उघडावा लागेल. पाणी राहिलं तर टाकी आतून गंजते.

71 सिरीजच्या पिना चुकून घेऊ नका, त्या 9 मिमी रुंद असतात, ह्या गनेत अडकतात. गंजलेल्या किंवा सुट्या झालेल्या पिनाही अडकतात. अडकली तर आधी पाईप काढा, मगच मॅगझीन (पिनांचा कप्पा) उघडा. ह्या गनांना बहुतेक वेळा नाकावर सेफ्टी नसते, त्यामुळे काम नसताना बोट ट्रिगरबाहेर, आणि डोळ्यांवर चष्मा. प्लायला 8010 चं एक खोकं पुरे, सागवानासाठी 8006 किंवा 8008.