मदत हवी आहे: पोशाखाच्या पेटीचा रंग कडांवरून सोलून निघतोय

चिलखत आणि शिरस्त्राण ठेवायची झाकणाची प्लास्टिक पेटी जुन्या लष्करी पेटीसारखी दिसायला हवी आहे. तळाला त्रिकोणात ५ आकडा आहे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. यावर रंग धरत नाही हे माहीत आहे, म्हणून तयारी नीट केली होती: साबणाने धुणे, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासणे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे, प्लास्टिकसाठीच्या प्रायमर स्प्रेचे दोन पातळ हात, वर मॅट ऑलिव्ह स्प्रेचे तीन.

सपाट बाजू उत्तम आहेत. स्पंजने टिपलेले चंदेरी ओरखडे आणि कोपऱ्यांत पातळ काळपट ॲक्रिलिकचा मळ मनासारखा जमलाय. पण झाकण जिथे घासतं ती कड आणि कडी बसते ती जागा, तिथे रंग प्रायमरसकट पापुद्र्यासारखा उठतो. खाली कोरं प्लास्टिक दिसतं, म्हणजे पकड प्रायमरखालीच सुटतेय. (खऱ्या झिजेचा रंग लोखंडी हवा, इथे निळं प्लास्टिक डोकावतं!)

विचारायचं ते असं:

घासणाऱ्या कडा रंगवायच्याच नाहीत, की तिथे फेल्टची पट्टी लावून फट वाढवायची? पट्टीने झाकण घट्ट बसणार नाही अशी शंका आहे.

प्रायमरआधी ॲडहेजन प्रमोटर (रंगाची पकड वाढवणारा स्प्रे) मारला तर वाकणाऱ्या भागावर टिकतो का? त्यावर पुढचा हात किती मिनिटांत द्यावा?

शेवटी मॅट क्लिअर कोट ॲक्रिलिक की टू-के (हार्डनर मिसळून कडक होणारा)? कडक थर झाकण वाकल्यावर तडकेल असं वाटतं.