मदत हवी आहे: हेडसेट घातलेल्या आईचे डोळे प्रेक्षकांना दाखवायचे कसे?

तिसरी_घंटा
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, स्पर्धा 18 दिवसांवर आलीय आणि एक सीन काही केल्या बसत नाहीये. एकांकिका व्हीआरवर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, हेडसेट घातला की कॉम्प्युटरने बनवलेलं जग समोर दिसतं ते) आहे, म्हणजे त्यातल्या नैतिक प्रश्नावर. आई हेडसेट घालते आणि तिला तिची मुलगी दिसते. पण हेडसेट घातला की नटीचे डोळे गायब आणि सगळा सीन डोळ्यांचा आहे! परवा तालमीत पहिल्यांदा खरा हेडसेट आणला तर मागच्या खुर्चीवरून नुसता एक ठोकळा दिसत होता आणि त्याच्याखाली थरथरणारी हनुवटी. काय करू? लवकर सांगा प्लीज.

नेपथ्यवाला
नाट्यगृह कुठलं? सेट लावायला किती मिनिटं? मुलगी स्टेजवर येते की नुसता आवाज? हे काहीच न सांगता उत्तर कसं देणार ताई.

कोड_पाटील
सोपं आहे. क्वेस्ट 3 हा हेडसेट घ्या, त्यातलं चित्र लॅपटॉपवर कास्ट करा आणि प्रोजेक्टरने मागे सायक्लोरामावर, म्हणजे स्टेजच्या मागच्या मोठ्या पडद्यावर, टाका. आईला जे दिसतंय ते सगळ्या थिएटरला दिसेल. आम्ही ऑफिसात डेमो असेच देतो.

नेपथ्यवाला
ऑफिसात ठीक आहे हो, पण प्रयोगात मध्येच वायफाय गेलं तर ती बाई बोलणार कुणाशी? आणि पडद्यावर पोरगी दिसली की प्रेक्षक पडद्याकडेच बघणार, नटीकडे कोण बघतंय. त्यापेक्षा पेपर्स घोस्ट करा. 1862 ची लंडनची युक्ती आहे, 45 अंशात काच तिरकी लावायची, मुलगी प्रेक्षकांना दिसणार नाही अशी बाजूला उभी करायची, तिच्यावर लाइट टाकला की प्रतिबिंब स्टेजवर उभं राहतं. आम्ही गणपतीच्या देखाव्यात केलं होतं, लोक मागे जाऊन बघायचे माणूस कुठंय म्हणून.

कोड_पाटील
देखावा दहा दिवस उभा असतो. इथे एवढी मोठी काच कोण उचलणार?

चौकस
संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घेतलं का? आधी ते बघा, आमचं एकदा त्यावरून अडलं होतं.

तिसरी_घंटा
प्रमाणपत्र आहे. सॉरी, बाकीचं लिहायचं राहिलं. सांगली, भावे नाट्यमंदिर. सेटला 10 मिनिटं, दोन स्पॉट, पैसे संपलेत. मुलगी सातवीत असताना वारलीय. एक कंपनी तिचे फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज घेऊन तिला व्हीआरमध्ये उभी करते. बाप म्हणतो हे बंद कर, आई म्हणते अजून एक रविवार. मुलगी स्टेजवर आणायचीच नाही असं माझं म्हणणं आहे, त्यावरून ग्रुपमध्ये भांडणं चाललीत.

पिंपळपान
मुलगी वारलीय हे आधी सांगायला हवं होतं, सगळं त्यावरच आहे की. हे खरंच घडलंय. कोरियात 2020 साली एमबीसी वाहिनीने एका आईला तिच्या गेलेल्या सात वर्षांच्या मुलीला असंच भेटवलं होतं. त्यात बघा, मुलगी आईला दिसते पण खोलीत नुसती हिरवी भिंत, आणि आई हवेत हात फिरवतेय. माझ्या आईचा शेवटचा व्हॉइस मेसेज 11 सेकंदांचा आहे, "दूध आणलंस का, नाहीतर मी आणते." तेवढाच. उद्या कुणी तो घेऊन तिला माझ्याशी आणखी काही बोलायला लावलं तर ते तिचं बोलणं कसं? तिला विचारणार कोण?

नाट्यवेडा_६२
व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी हा शब्दप्रयोग मुळात रंगभूमीबद्दल आलाय, आर्तो या फ्रेंच नाटकवाल्याने 1938 च्या पुस्तकात केलाय. कॉम्प्युटरवाल्यांनी फार नंतर उचलला.

कोड_पाटील
रोचक आहे काका पण यांचे 18 दिवस राहिलेत.

कुडाळकर
तांत्रिक काहीच नको. दशावतारात एक बाकडं असतं, राजा बसला की ती राजसभा, कुणी विचारत नाही सिंहासन कुठंय. तुमच्या नटीला हेडसेट डोळ्यांपर्यंत नेऊ दे, लाइट बदला, हेडसेट परत मांडीवर. ती व्हीआरच्या आत गेली. डोळे उघडे.

नेपथ्यवाला
आणि बाप आला की? तो बाहेर उभा आहे, त्याला ती आत आहे हे कसं कळणार? लोकांचा गोंधळ होईल.

पिंपळपान
बापाच्या वेळी हेडसेट डोक्यावर असू दे ना! ठोकळा आणि हनुवटी, बापाला दर रविवारी तेच तर दिसतंय. आई एकटी असेल तेव्हा मांडीवर, बाप खोलीत आला की डोळ्यांवर. सीन कुणाच्या नजरेतून चाललाय ते तेवढ्याने कळेल आणि मुलगी आणायची गरजच नाही.

नेपथ्यवाला
हं, हे चालेल. पण मग दोघांच्या मध्ये काळं नेट लावा. पुढून लाइट मारला की भिंत, मागून मारला की आरपार दिसतं. मीटरवर मिळतं, काचेसारखा खर्च नाही.

तिसरी_घंटा
आज करून बघितलं. आई हेडसेट मांडीवर ठेवून समोर मोकळ्या जागेत कुणाची तरी वेणी घालत होती, मग बाप आल्यावर तिने तो डोळ्यांवर चढवला. वेणी तशीच चालू. आमच्या बापाचं काम करणाऱ्या मुलाने कुणी न सांगता तिच्या तोंडासमोर हात हलवून बघितला, तिला दिसतंय का म्हणून. तालमीत कुणी बोललंच नाही नंतर. ते ठेवलंय. सगळ्यांचे खरंच आभार. आता काळं नेट सांगलीत कुठे मिळेल तेवढं सांगा, सहा मीटर हवंय, आणि त्याला सुरकुत्या पडू नयेत म्हणून खाली काय बांधायचं?